छंद कॅमेऱ्याचा (लेखांक ९) : बेहालातले मंडप आणि आपला फोटोंचा ढीग

मागच्या आठवड्यात लेन्सचे गणित मांडले, आता ते बेहालात लावून बघू. कोलकात्याच्या दक्षिणेकडचे हे उपनगर डायमंड हार्बर रोडच्या दोन्ही अंगांना पसरले आहे. मराठी वाचकाला ते सौरव गांगुलीमुळे ठाऊक असते. पण दुर्गापूजेत इथे माणसे लोटतात ती मंडपांसाठी. बेहाला नूतन दल, बेहाला क्लब, बडिशा क्लब अशी मंडळे दरवर्षी नवी थीम घेतात आणि बांबू, कापड, माती, पत्रा यांतून महिनोन्महिने खपून अख्खी वास्तू उभी करतात. पूजा संपली की ती मोडतात. पुढच्या वर्षी त्याच जागी दुसरेच काही असते. म्हणून इथे भारी लेन्सपेक्षा नोंद ठेवण्याची सवय मोलाची, असे माझे स्पष्ट मत आहे.

सामानाचे थोडक्यात. एक बॉडी, एक लेन्स, जादा बॅटरी, जादा कार्ड. बाकी खांद्याला ओझे. एपीएस-सी सेन्सरवर ५० मिमीची लेन्स फुल-फ्रेमच्या ७५-८० मिमीइतकी अरुंद दिसते आणि मूर्तीसमोर मागे सरकायला जागा नसते. त्यापेक्षा २४ किंवा ३५ मिमी बरी. ट्रायपॉड घरीच ठेवावा. दोरी धरलेले स्वयंसेवक ‘एगिये चोलून’ म्हणत रांग पुढे ढकलत असतात. मूर्तीसमोर आपल्या वाट्याला काही सेकंद येतात.

त्या सेकंदांत घात करतो तो प्रकाश. मंडपातले बरेचसे दिवे एलईडीचे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची असल्यामुळे स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला ते कळत नाही, पण शटर १/५०० ठेवले की फोटोत आडवे काळपट पट्टे उमटतात. आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर वापरले तर आणखीच. १/१०० किंवा १/५० ठेवले की एका उघडझापीत प्रकाशाची आवर्तने पूर्ण होतात आणि पट्टे जातात. नक्षीच्या रंगीत दिव्यांचा ताल कधी वेगळा असतो, तिथे एखादा चाचणी फोटो काढून बघणे एवढाच उपाय. दुसरी अडचण लाल-जांभळ्या झोताची. एकूण हिस्टोग्राम ठीक दिसतो, पण लाल रंगाची पट्टी उजवीकडे आपटलेली असते आणि देवीच्या चेहऱ्याचे बारकावे कायमचे जातात. तीन रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम चालू करा, एक्सपोजर एक स्टॉप खाली ओढा आणि फाइल रॉ ठेवा. व्हाइट बॅलन्स नंतर निवांत बदलता येतो, जळालेला लाल परत येत नाही.

हवेचेही ऐकावे लागते. जोका-माझेरहाट मेट्रोच्या एसी डब्यातून उतरल्या-उतरल्या कॅमेरा काढला की काचेवर दव जमते. तो थोडा वेळ बंद पिशवीतच राहू द्या. कोलकात्याच्या दमटपणात लेन्सला बुरशी लागायला एक पावसाळा पुरतो. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि पाचशे-सातशे रुपयांचा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांवर असला की झाले. चामड्याच्या कव्हरात लेन्स ठेवणे म्हणजे बुरशीला पाट मांडून बसवणे.

आता मुख्य गोष्ट. २०२० साली बडिशा क्लबने दुर्गेला स्थलांतरित मजूर बाईच्या रूपात, कडेवर मूल घेतलेली, उभी केली. टाळेबंदीत पायी गावी निघालेल्या लोकांची ती आठवण होती. थीम रिंटू दास यांची, मूर्ती शिल्पकार पल्लव भौमिक यांची. तिचे फोटो देशभर फिरले. मात्र मंडळ, वर्ष, कलावंत यांतले काही फोटोखाली नसेल, तर पाहणाऱ्याने ओळखायचे कसे? याउलट जवळच सावर्ण रायचौधुरी या जुन्या जमीनदार घराण्याच्या आटचाळ्यातली, म्हणजे खांबांच्या मंडपातली, पूजा. परंपरेने ती १६१० पासूनची मानतात. तिथे खांब तेच, मूर्तीची घडण पिढ्यान्‌पिढ्या तीच. एकीकडे दर वर्षी सगळे बदलते म्हणून आणि दुसरीकडे काहीच बदलत नाही म्हणून, दोन्ही ठिकाणी नुसत्या फोटोवरून साल सांगता येत नाही.

माझी सवय अशी : मंडपात शिरताना पहिला फोटो दारावरच्या फलकाचा. त्यावर मंडळ, थीम, कलावंत सगळे असते. पुढचे सगळे फोटो त्या फलकाच्या खात्यात जमा.

घरी आल्यावर फाइलींची नावे बदलावीत. कॅमेरा नाव देतो ते चार अक्षरे आणि चार आकडे. ९९९९ नंतर पुन्हा ०००१. म्हणजे एकाच नावाचे दोन फोटो आज ना उद्या तयार होणारच आणि एका फोल्डरमध्ये आले की एक दुसऱ्याला गिळणार. कॉपी करतानाच नावात तारीख आणि वेळ घालण्याची सोय डिजिकॅम, डार्कटेबल, लाइटरूम सगळ्यांत आहे. फोल्डरला वर्ष-महिना-दिवस या क्रमाने नाव द्या, म्हणजे ‘२०२५-०९-३० बडिशा क्लब अष्टमी’ आपोआप जागच्या जागी बसते. टॅगमध्ये मात्र बडिशा, बरिशा, बारिषा असे तीन अवतार करू नका. एक ठरवा आणि तेच चालवा.

रॉ फाइलचे टॅग बहुधा शेजारच्या छोट्या एक्सएमपी फाइलीत असतात. फोल्डर साफ करताना लोक तीच कचरा समजून उडवतात आणि वर्षाची मेहनत जाते. फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला की आकार घटतो, तारीख-वेळेची नोंदही पुसली जाते. नातेवाइकांकडून परत मागवलेला फोटो म्हणून संग्रहात घ्यायच्या लायकीचा नसतो.

फेकाफेकीबद्दल मी जरा हट्टी आहे. कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघून काहीही पुसू नये. अस्पष्ट, मिटल्या डोळ्यांचे फोटो दुसऱ्या दिवशी उडवावेत; आवडी-निवडीची चाळणी कालीपूजेनंतर, गर्दीची नशा उतरल्यावर.

साठवणीचा जुना नियम : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. गूगल फोटोजची अमर्याद फुकट सोय १ जून २०२१ पासून बंद झाली आणि १५ जीबीत रॉ फाइली एका पूजेलाही पुरत नाहीत. माझी तिसरी प्रत एका हार्ड डिस्कवर ठाण्याला बहिणीकडे असते. सुट्टीत गेलो की नवी ठेवतो, जुनी घेऊन येतो आणि परतण्यापूर्वी नव्या डिस्कवरचे कुठलेही दोन फोल्डर तिच्याच संगणकावर उघडून बघतो.

पुढच्या लेखांकात : जुन्या निगेटिव्ह घरी स्कॅन कशा कराव्यात.