विश्लेषण : ‘प्रीपेड’ गेले, ‘टीओडी’ आले, विजेच्या मीटरमध्ये नेमके बदलले काय?

लोकसभेच्या निकालानंतर काही दिवसांतच, जून 2024 मध्ये, तत्कालीन उपमुख्यमंत्री व ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सर्वसामान्य ग्राहकांकडे स्मार्ट प्रीपेड मीटर बसवले जाणार नाहीत, असे जाहीर केले. विरोध करणाऱ्यांना हा विजय वाटला. विधानसभा निवडणूक झाली आणि 2025 मध्ये कंत्राटदारांची माणसे नवे मीटर घेऊन दारोदार फिरू लागली. या वेळी मीटरचे नाव होते ‘टीओडी’.

मीटर वेगळे आहे का?

टीओडी म्हणजे ‘टाइम ऑफ डे’, दिवसाच्या वेळेनुसार विजेचा दर. त्यासाठी कोणत्या वेळी किती वीज वापरली, हे मीटरने सर्व्हरला कळवावे लागते. हे काम स्मार्ट मीटरचेच. आता खरी मेख. ग्राहक प्रीपेड की पोस्टपेड, हे मीटरच्या डब्यात नव्हे, तर सर्व्हरवरच्या सेटिंगमध्ये ठरते. वीज दुरून बंद करणारा स्विच मीटरमध्ये असतोच. हे मीटर पोस्टपेड आहेत, असे महावितरण सांगते आणि बिलही वापरानंतरच येते. पण उद्या पद्धत बदलायची ठरली, तर त्यासाठी कोणाला तुमच्या दारात यावे लागणार नाही.

मग माघार कशातून घेतली?

शब्दातून. कंत्राटे त्याआधीच, 2023 मध्ये दिली गेली होती. सव्वादोन कोटींच्या आसपास मीटर आणि देखभालीसह एका मीटरमागे सुमारे 12 हजार रुपये. केंद्राच्या 2021 च्या ‘आरडीएसएस’ योजनेतून अनुदान मीटरमागे जास्तीत जास्त 900 रुपये, तेही मूळ निकषांनुसार मीटर प्रीपेड पद्धतीने चालवला तरच. मीटर मोफत, म्हणजे हातात वेगळे बिल नाही एवढेच. उरलेला खर्च शेवटी वीजदरातूनच वसूल होणार, हा ग्राहक संघटनांचा मूळ आक्षेप. नाव बदलल्याने तो सुटत नाही.

सवलतीचे काय?

1 जुलै 2025 पासून घरगुती ग्राहकांना सकाळी 9 ते सायंकाळी 5 या वेळेतील वापरावर युनिटमागे 80 पैसे ते 1 रुपया सवलत जाहीर झाली. कल्पना वाईट नाही, कारण दिवसा सौर वीज मुबलक असते. फक्त त्या वेळेत नोकरदारांच्या घराला कुलूप असते. शिवाय हीच गोष्ट आधी समजावून, मग मीटर आणता आला असता.

बिल अचानक वाढले तर?

लेखी तक्रार करा. केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी 2024 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, नोंद प्रत्यक्ष वापराशी जुळत नसल्याची तक्रार आल्यास वीज कंपनीने 5 दिवसांत पडताळणीसाठी दुसरा मीटर बसवायचा असतो आणि तो किमान 3 महिने ठेवायचा असतो. जुना मीटर काढताना त्याच्या शेवटच्या रीडिंगचा फोटोही काढून ठेवा.