काळ्या द्रवाची झडती

लाकडापासून कागद होतो हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. त्यातल्या निम्म्या लाकडाचा कागद होतच नाही, ही गोष्ट मात्र गिरणीच्या फाटकाबाहेर क्वचितच येते. आज जगात सर्वाधिक चालणाऱ्या क्राफ्ट पद्धतीत लाकडाच्या चिपा सोडियम हायड्रॉक्साइड आणि सोडियम सल्फाइडच्या द्रावणात १६०-१७० अंश सेल्सिअसला शिजवतात. तंतू सुटतात, धुतले जातात, त्यांचा लगदा होतो. बाकीचे लाकूड रसायनांसकट एका काळ्याकुट्ट, कुजक्या अंड्यांचा वास मारणाऱ्या पाण्यात उतरते. गिरणीतले लोक त्याला ब्लॅक लिकर म्हणतात. एक टन लगद्यामागे त्यात दीड टनाच्या आसपास घन माल विरघळलेला असतो.

कार्ल डाल याने १८७९ साली डान्झिगमध्ये ही पद्धत बसवली, तेव्हापासून या पाण्याचे करायचे काय हा प्रश्न आहेच. नदीत सोडावे तर नदीची वाट लागते, वर महागाची रसायने हातची जातात. कॅनडात टॉमलिन्सनने १९३०च्या दशकात तोड काढली: पाणी आटवून दाट करायचे आणि खास बॉयलरमध्ये जाळायचे. वाफ मिळते, वीज मिळते, तळाशी सोडियम आणि गंधक परत हाती येतात. हे इतके छान जमून गेले की आपण नेमके जाळतो काय, याची चौकशी पुढे बरीच वर्षे रेंगाळली. चौकशी झाली तीही बहुधा लिग्निनची, म्हणजे लाकडातल्या तंतूंना सांधणाऱ्या पदार्थाची. पण पाइनच्या लिकरमधल्या घन मालात लिग्निन सुमारे एक तृतीयांश असेल, तर जवळपास तेवढीच सेंद्रिय आम्ले असतात.

ही आम्ले लाकडात आधीपासून नसतात, शिजवताना तयार होतात. गुऱ्हाळात काहिलीत चुन्याची निवळी जरा जास्त पडली की गूळ काळा पडतो आणि गुळव्याचा पाराही चढतो. साखरेचे रेणू अल्कलीत मोडतात आणि त्यांची आम्ले होतात, म्हणून हे घडते. शिकागोच्या जॉन उलरिक नेफ यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी शर्करांच्या या मोडतोडीची संगती लावली. चिपा शिजवण्याच्या टाकीत, म्हणजे डायजेस्टरमध्ये घडते ते हेच, फक्त साखळीच्या टोकापासून. सेल्युलोज ही ग्लुकोजची लांबलचक साखळी. तिच्या एका टोकाचा ग्लुकोज अल्कलीला उघडा सापडतो. तो सुटतो, बहुधा आयसोसॅकॅरिनिक आम्ल होऊन. मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. सरासरी पन्नास-साठ घटक असे सोलून निघाल्यावर एखाद्या वेळी टोकाची रचनाच बदलते आणि सोलणे थांबते. सुटलेले प्रत्येक आम्ल थोडी अल्कली गिळून बसते. हिशेब मांडला तर घातलेल्या अल्कलीपैकी निम्म्याहून अधिक या आम्लांवर खर्ची पडते. लिग्निन काढायला आणलेला माल शर्करांनीच फस्त करावा, असा हा प्रकार. या आम्लांचे मोजमाप करण्यामागे निव्वळ विद्वत्तेची हौस नाही, ते यामुळेच.

मोजायचे म्हटले की खरी गंमत सुरू होते. लिकरमध्ये आम्ले सुटी नसतात, सोडियमच्या क्षारांच्या रूपात असतात, आणि क्षारांची वाफ होत नाही. मग गॅस क्रोमॅटोग्राफी, म्हणजे वाफेच्या रूपात घटक वेगळे करून मोजणे, करायची कशी? आम्ल घालून ती सुटी करावीत, तर हायड्रोजन सल्फाइडचा भपकारा येतो. तो विषारी असल्याने हे काम धुराड्याच्या कपाटातच करावे लागते. शिवाय लिग्निनचा तपकिरी चिखल तळाशी बसतो. तो गाळून टाकला तरी आयसोसॅकॅरिनिक आम्ल सुटे होताच स्वतःभोवती वळते, त्याचे टोक त्याच्याच अंगाला जोडले जाते आणि लॅक्टोन तयार होते. एकाच आम्लाची मग आलेखावर दोन शिखरे.

स्वीडनमध्ये गोथेनबर्गच्या चाल्मर्स संस्थेत ओलोफ सॅम्युएल्सन यांनी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत आयन-विनिमय रेझिनच्या स्तंभांतून ही आम्ले एकेक करून वेगळी केली. फिनलंडमध्ये एरो स्योस्ट्रोम, राइमो आलेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गॅस क्रोमॅटोग्राफीचा रस्ता पक्का केला. हायड्रॉक्सी आम्लांच्या प्रत्येक मोकळ्या टोकावर सिलिकॉनचा एक गट टोपीसारखा बसवायचा, की एरवी तापवल्यावर करपणारे रेणू मुकाट्याने वाफ होऊन नळीतून निघतात. फॉर्मिक आणि ॲसेटिक ही उडून जाणारी आम्ले. त्यांना उलट बेंझिल एस्टर करून जड करायचे. एकाच बाटलीतल्या आम्लांसाठी दोन उलट्या युक्त्या, आणि त्या शोधणाऱ्यांच्या चिकाटीला माझा सलाम.

असा आलेख वाचता येऊ लागला की लाकडाची जात लपत नाही. बर्चसारख्या रुंदपर्णी झाडात ॲसेटिल गट जास्त, म्हणून ॲसेटिक आम्ल जास्त. झायलन हे हेमिसेल्युलोजही (सेल्युलोजच्या सोबतीची आखूड शर्करा-साखळी) भरपूर असल्याने झायलोआयसोसॅकॅरिनिक आणि हायड्रॉक्सीब्युटिरिक आम्ले वर येतात. पाइनच्या लिकरवर ग्लुकोआयसोसॅकॅरिनिकचा, म्हणजे मघाच्याच आयसोसॅकॅरिनिकचा, वरचष्मा असतो. बांबूतही मुख्य हेमिसेल्युलोज झायलनच. पण बल्लारपूरसारख्या, बांबूवर वाढलेल्या गिरणीत रसायनतज्ज्ञाची पहिली डोकेदुखी आम्लांची नसते. बांबूतली सिलिका लिकरमध्ये उतरते आणि आटवणीच्या नळ्यांत दगडासारखी पापडी धरते. आधी तिचा बंदोबस्त.

या आम्लांचा उष्मांक लिग्निनच्या निम्म्याच्या आसपास. म्हणजे बॉयलरला त्यांचे फारसे कौतुक असायचे कारण नाही. मग ती काढून विकत का नाहीत? सोडियम सोडत नाही म्हणून. २०१५ साली फिनलंडच्या सुनिला गिरणीत कार्बन डायऑक्साइड सोडून लिकरमधून लिग्निन काढायला सुरुवात झाली. लिग्निन तेवढ्या सौम्य आम्लानेही बाहेर पडते, पण आम्लांचे क्षार जागचे हलत नाहीत. त्यांना गंधकाम्लच लागते, आणि त्यातला गंधक गिरणीचा सोडियम-गंधकाचा ताळेबंद बिघडवतो. एवढे करून हाती येणार ते डझनभर सारख्या चेहऱ्याच्या आम्लांचे कडबोळे. त्यातले ॲसेटिक मिथेनॉलपासून आणि लॅक्टिक साखर आंबवून कितीतरी स्वस्तात मिळते. माझ्या मते इथे रसायनशास्त्र कमी पडलेले नाही, बाजारभाव आडवा आला आहे. संशोधन-प्रबंधांच्या प्रस्तावनांत ही गोष्ट जरा दबक्या आवाजात येते.

या विश्लेषणाला गिऱ्हाईक भेटले ते भलतीकडेच. अणुकेंद्रांतले दूषित कापूस, टिश्यू पेपर, लाकूड यांसारखा कचरा सिमेंटमध्ये बंद करून पुरायचा बेत असतो. सिमेंटमधले पाणी तीव्र अल्कलीयुक्त. त्यात सेल्युलोज तसेच सोलले जाते, फक्त सावकाश, आणि आयसोसॅकॅरिनिक आम्ल तयार होते. हे आम्ल प्लुटोनियम, थोरियम यांना घट्ट धरते आणि पाण्यात विरघळते ठेवते; एरवी हे धातू सिमेंटमध्ये अडकून राहिले असते. ब्रिटन आणि स्वित्झर्लंडमध्ये यावर बराच अभ्यास झाला. मँचेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी डर्बीशरमधल्या बक्स्टनजवळच्या जुन्या चुनाभट्ट्यांच्या टाकाऊ ढिगांतून गाळ आणला. त्यातले जिवाणू सामू दहाच्या आसपास आयसोसॅकॅरिनिक आम्ल खाऊन संपवतात, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामातून दिसले. ताज्या सिमेंटचा सामू मात्र बाराच्या वर असतो.