दोन वर्षांत मॅट्रिक

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात सरकारपुढे एक विचित्र अडचण उभी राहिली. योजना तयार होत्या, पदे मंजूर होती, पण त्या पदांवर बसायला बायका मिळत नव्हत्या. 2 ऑक्टोबर 1952 रोजी सामुदायिक विकास योजना सुरू झाली. पाठोपाठ केंद्रीय समाजकल्याण मंडळाने पंचवीसेक खेड्यांचे गट करून तिथे ग्रामसेविका, सुईण आणि हस्तव्यवसाय शिक्षिका नेमायचे ठरवले. ग्रामसेविकेला किंवा नर्सला मॅट्रिकची, निदान सातवीची अट. आणि 1951 च्या जनगणनेत देशातल्या शंभर बायकांपैकी नऊजणीसुद्धा साक्षर नव्हत्या. शहरात ज्या मॅट्रिक झालेल्या, त्यांना खेड्यात जायचे नव्हते. खेड्यातली विधवा किंवा नवऱ्याने टाकलेली बाई कामाला एका पायावर तयार, पण तिची शाळा तिसरी-चौथीत सुटलेली.

अशा वेळी सरकारी रिवाज दोनच: अट शिथिल करायची किंवा पद रिकामे ठेवायचे. मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा दुर्गाबाई देशमुख यांनी तिसरा मार्ग काढला. अट आहे तिथेच ठेवायची आणि बाईला दोन वर्षांत त्या अटीपर्यंत आणायचे. 1958 साली 'प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त शिक्षणक्रम' ही योजना देशभर सुरू झाली, ती या विचारातून. या विचाराची तालीम मात्र त्याआधी वीस वर्षे एका संस्थेत चालली होती. तिचे नाव आंध्र महिला सभा. जन्म मद्रासचा, 1937 चा. पण तिचा विस्तार आज पाहायचा तर हैदराबादला जावे लागते.

दुर्गाबाईंना ही कल्पना कुठल्या अहवालात सापडली नव्हती. 1909 साली राजमहेंद्रीत जन्म, आठव्या वर्षी लग्न. कळत्या वयात त्यांनी ते लग्न नाकारले आणि नवऱ्याला दुसरे लग्न करायची मोकळीक दिली. मिठाच्या सत्याग्रहापासून तीनदा तुरुंग. त्यातल्या एका शिक्षेत मदुरेच्या तुरुंगात एकांतवास. वेल्लोरच्या तुरुंगात त्यांनी अशा कैदी बायका पाहिल्या, ज्यांना आपल्यावर नेमका आरोप काय आणि आपण अंगठा कशावर उठवला, हेही माहीत नव्हते. वकील व्हायचे, हे तिथेच ठरले. पण वकिलीच्या आधी बी.ए. आणि बी.ए.च्या आधी मॅट्रिक. दुर्गाबाईंची शाळा तर असहकाराच्या लाटेत बारा-तेरा वर्षांच्या असतानाच सुटलेली.

तुरुंगातून सुटल्यावर त्यांनी बनारस हिंदू विद्यापीठाची मॅट्रिक बाहेरून दिली. पुढे वॉल्टेअरला आंध्र विद्यापीठात प्रवेश मागितला, तर कुलगुरूंनी सांगितले, मुलींचे वसतिगृह नाही, प्रवेश देता येत नाही. दुर्गाबाईंनी वर्तमानपत्रात जाहिरात दिली की ज्या मुलींना शिकायचे आहे पण राहायची सोय नाही, त्यांनी कळवावे. काही मुली जमल्या, जागा भाड्याने घेतली, वसतिगृह सुरू झाले आणि विद्यापीठाला नाही म्हणायला कारण उरले नाही. शिकवणाऱ्याइतकीच राहायची जागाही महत्त्वाची, हा धडा पुढे त्यांच्या प्रत्येक कामात दिसतो.

मद्रासला मैलापूरमध्ये त्यांनी शेजारपाजारच्या मुलींना हिंदी शिकवायला सुरुवात केली. 'लिटल लेडीज ऑफ बृंदावन' असे त्या मंडळाचे गोड नाव. मुलींच्या मागून त्यांच्या आया, मावश्या, आत्या आल्या. त्यांना शिवण हवे होते, संगीत हवे होते, आणि काहींना मॅट्रिक हवी होती. आपण ज्या वाटेने गेलो तीच वाट दुर्गाबाईंनी त्यांना दाखवली: वय झालेल्या बाईला पहिलीपासून बसवायचे नाही, थेट बनारसच्या परीक्षेची तयारी करून घ्यायची. आंध्र महिला सभा उभी राहिली ती या वर्गांच्या भोवती.

या सगळ्यात एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. दुर्गाबाईंच्या पहिल्या पतीचे 1941 साली निधन झाले. त्यांची दुसरी पत्नी सासरच्या जाचाला कंटाळून आली ती थेट दुर्गाबाईंकडे. आपल्या समाजात या नात्याला सवत म्हणतात आणि त्या शब्दाला काय काय चिकटलेले असते ते सांगायला नको. दुर्गाबाईंनी तिला सभेत ठेवून घेतले, हातचे काम शिकवले. पुढे ती बाई हैदराबादला हस्तकलेची शिक्षिका झाली. आश्रय, प्रशिक्षण आणि नोकरी ही तिन्ही पावले एकापुढे एक पडली, म्हणून ते शक्य झाले. नुसता आश्रय मिळाला असता तर ती आश्रित राहिली असती. नुसते शिवण शिकली असती तर भाच्याच्या बारशाची झबली शिवत बसली असती.

संक्षिप्त शिक्षणक्रमाची रचनाही याच पावलांची होती. साधारण अठरा ते तीस वयाच्या, थोडीफार शाळा झालेल्या वीस-पंचवीस जणींची तुकडी. वर्ग चालवणार स्वयंसेवी संस्था, अनुदान देणार मंडळ. सात-आठ वर्षांचा अभ्यास दोन वर्षांत. हे जमते कसे, असा प्रश्न कुणालाही पडेल. उत्तर प्रौढ माणसाच्या बुद्धीत आहे. दहा वर्षांच्या मुलाला व्याज समजावायला महिना लागतो. सावकाराला व्याज भरलेल्या बाईला फक्त त्याची मांडणी शिकवावी लागते. अडायचे ते इंग्रजीत आणि बीजगणितात. म्हणून नापास झालेल्यांसाठी पुढे एक वर्षाचा वेगळा वर्गही निघाला. 1975 मध्ये मंडळाने व्यवसाय प्रशिक्षणाची जोड दिली, कारण तोवर नुसत्या मॅट्रिकला नोकरी मिळण्याचे दिवस सरत आले होते.

1956 साली आंध्र प्रदेश झाला, हैदराबाद राजधानी झाली आणि सभेचे काम इकडे वाढले. विद्यानगरच्या बाजूला दुर्गाबाईंच्या नावाचे रुग्णालय आहे. उस्मानिया विद्यापीठाच्या परिसरात मुलींचे कला-विज्ञान महाविद्यालय, शिक्षकांचे प्रशिक्षण महाविद्यालय आणि 'लिटरसी हाउस' म्हणजे साक्षरता भवन. नव्या साक्षरांसाठी तेलुगू पुस्तके आणि प्रौढशिक्षणाचे कार्यकर्ते तयार करणारे राज्याचे संसाधन केंद्र या भवनाने वर्षानुवर्षे चालवले. यादी वाचताना हे कुठल्याही मोठ्या ट्रस्टसारखे वाटेल. पण रचना पाहा. रुग्णालयाला परिचारिका लागतात, शाळांना शिक्षिका लागतात, साक्षरता वर्गांना कार्यकर्त्या लागतात. शिकवणारा आणि कामावर घेणारा एकाच छपराखाली असला की अभ्यासक्रम आपोआप जमिनीवर राहतो.

मराठी वाचकाला यात ओळखीचे बरेच सापडेल. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन 1889 चे, अण्णासाहेब कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम 1896 चा, रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांचे पुण्याचे सेवासदन 1909 चे. सेवासदनाने प्रौढ बायकांसाठी प्राथमिक वर्ग काढले आणि त्यातल्या काहींना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण मिळवून दिले, ते दुर्गाबाई जन्मल्या त्या सुमारास. म्हणजे कल्पना नवी नव्हती. ती एका शहरातून काढून सरकारी योजना करणे आणि देशभरच्या लहान संस्थांना तिच्यासाठी पैसा मिळवून देणे, हे दुर्गाबाईंचे काम.

दुसरा धागा घरचा आहे. महाडजवळच्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री, यांच्याशी दुर्गाबाईंचे लग्न 22 जानेवारी 1953 रोजी झाले. मुंबईच्या प्रश्नावर 1956 साली राजीनामा देणारा मंत्री म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. त्यांचे अखेरचे दिवस हैदराबादला गेले हे कमी जणांना ठाऊक असते. 1975 साली दोघांनाही पद्मविभूषण मिळाले. दुर्गाबाई 1981 साली गेल्या. चिंतामणरावांनी 1982 च्या ऑक्टोबरमध्ये हैदराबादेतच देह ठेवला.

योजनेचे पुढे काय झाले? अनुदान तुटपुंजे राहिले, वर्ग चालवणाऱ्या संस्था थकल्या, मुक्त विद्यालयांनी परीक्षेची वाट सोपी केली. 2022 साली केंद्रीय समाजकल्याण मंडळच बंद झाले. आता 'कौशल्य विकास' हा परवलीचा शब्द आहे. हैदराबादच्या आसपास त्याची चांगली उदाहरणेही आहेत. पोचमपल्लीजवळ जलालपूरला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाची ग्रामीण संस्था बेरोजगार मुला-मुलींना राहण्या-जेवणासह मोफत प्रशिक्षण देते. मराठवाड्याने ज्यांच्या मागे निजामाशी झुंज दिली, त्यांचे नाव तेलंगणात शिवणयंत्रांच्या आणि वीजजोडणीच्या वर्गांवर आहे. 2024 मध्ये तेलंगणाने स्वतंत्र कौशल्य विद्यापीठाचा कायदाही केला.

पण बहुतेक कौशल्यवर्ग तीन महिन्यांचे, फार तर सहा महिन्यांचे असतात. तेवढ्यात मुलगी शिवणयंत्र चालवायला किंवा दुकानात बिल करायला शिकते. पहिली पगाराची नोकरीही मिळते. पुढची बढती आली की दहावीचे प्रमाणपत्र मागतात आणि ती तिथेच अडते. दुर्गाबाईंनी आधी पात्रता, मग कौशल्य असा क्रम धरला होता. तो जास्त वेळखाऊ आणि जास्त खर्चाचा आहे, हे मान्य. पण दोन वर्षे एकदाच द्यावी लागतात. अपुरी पात्रता माणसाला जन्मभर नडते.

मराठवाडा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता. आज त्याच मराठवाड्यात, बीडसारख्या जिल्ह्यांत, ऊसतोडीच्या हंगामामुळे आणि लवकर होणाऱ्या लग्नांमुळे मुलींची शाळा आठवी-नववीत सुटते. पंचविशीत त्यातल्या कित्येकजणी घर एकटीने चालवतात. त्यांच्यासाठी आपल्याकडच्या संस्थांनी, साखर कारखान्यांनी आणि जिल्हा परिषदांनी मिळून दोन वर्षांचा निवासी दहावीचा वर्ग, मुलांसाठी पाळणाघर आणि शेवटी ठरलेली नोकरी एवढे जमवले पाहिजे. मुक्त विद्यालयाची परीक्षा उपलब्ध आहे, रिकाम्या शाळाखोल्या आहेत, आणि अंगणवाडीपासून दवाखान्यापर्यंत माणसांची गरजही आहे. नवी योजना शोधत बसण्याची गरज नाही. 1958 ची काढून वापरावी.