जॉब संपला, नग उरले

बारामती एमआयडीसीतल्या एखाद्या मशिन शॉपला 500 पिनांची ऑर्डर आली असं धरू. पिन 118 मिलिमीटर लांब, कापताना ब्लेड 3 मिलिमीटर खातं, म्हणजे एका नगाला 121 मिलिमीटर बार लागला. 6 मीटरच्या बारमधून 49 नग निघतात आणि 71 मिलिमीटरचा तुकडा उरतो. दहा बारचे 490 नग झाले. राहिलेल्या 10 नगांसाठी अकरावा बार मशिनवर चढवावाच लागतो. आता 10 नग कापून उरलेला जवळपास 4.8 मीटरचा बार स्टोअरला परत द्यायचा, की सेटिंग झालंच आहे तर सगळा बार कापून टाकायचा? ऑपरेटर बहुतेक वेळा सगळा कापतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. सेटिंगला गेलेला वेळ परत मिळत नाही, आणि तपासणीत काही नग बाद होणार हे त्याला अनुभवानं ठाऊक असतं.

539 नग कापले, 9 सेटिंगमध्ये आणि तपासणीत गेले, 530 चांगले निघाले. 500 नगांचं चलन झालं, बिल झालं, जॉब कार्ड बंद झालं. 30 नग एका प्लास्टिकच्या क्रेटमध्ये पडून राहिले.

या क्रेटची नोंद कुठे होते, यावर लहान कारखान्याचा नफा-तोटा जितका अवलंबून असतो तितका फार थोड्या गोष्टींवर असतो. तरीही बहुतेक शॉपमध्ये ती नोंद सुपरवायझरच्या डोक्यात असते. तो सुट्टीवर गेला की क्रेट कुणालाच सापडत नाही. नोकरी सोडून गेला तर त्यातल्या मालाचं भंगार होतं.

बारामती आणि इंदापूर या शेजारच्या तालुक्यांची ओळख ऊस आणि दूध अशी असली, तरी लोखंडावर काम करणारे हातही इथे खूप आहेत. बारामतीत पियाजिओचा तीनचाकी वाहनांचा कारखाना 1999 पासून चालू आहे. 2012 मध्ये तिथेच व्हेस्पाचं उत्पादन सुरू झालं. भारत फोर्ज आहे, विनाजोड पोलादी नळ्यांचा, पूर्वी आयएसएमटीचा असलेला कारखाना आहे. इंदापूरकडे लोणी देवकरची एमआयडीसी आहे आणि नीरेच्या बाजूला वालचंदनगर. मोठ्या कारखान्यांमुळे जॉबवर्क करणारी लहान मशिन शॉप अशा पट्ट्यात उभी राहतात. मोठ्यांकडे संगणकप्रणाली असते, ती सांभाळायला माणसं असतात. लहानांकडे टॅली असते, एक्सेल असतं आणि वही असते.

टॅलीत बिल चोख निघतं. प्रश्न त्या 30 नगांच्या किमतीचा असतो. या जॉबवर माल, मजुरी, वीज, टूल धरून 53,000 रुपये खर्च झाला असं मानू. 500 नगांवर वाटला तर नग 106 रुपयांना पडला, 530 वर वाटला तर 100 रुपयांना. पहिल्या हिशेबात जास्तीचे 30 नग फुकटचे ठरतात. सहा महिन्यांनी त्याच पिनांची 200 नगांची ऑर्डर आली, 30 रॅकवरून काढले आणि 170 नवे केले, की तो जॉब एकदम फायद्याचा दिसतो. मालक खूश होऊन पुढच्या वेळी दर उतरवतो. तिसऱ्या ऑर्डरला रॅक रिकामा असतो आणि मग नुकसान कुठून आलं हे कुणाला उमगत नाही. दुसरा हिशेब धरला तर 3,000 रुपयांचा माल साठ्यात दिसतो, पण ती ऑर्डर पुन्हा आलीच नाही तर तो आकडा वर्षानुवर्षं ताळेबंदात बसून राहतो. यावर हिशेबाचं मानक स्पष्ट आहे. साठा लागत खर्च किंवा विकून मिळू शकणारी निव्वळ रक्कम, यांतली जी कमी असेल त्या किमतीला दाखवायचा. ग्राहकाच्या ड्रॉइंगप्रमाणे बनवलेली पिन दुसऱ्या कुणाच्या कामाची नसेल, तर तिची विकून मिळणारी किंमत भंगाराइतकीच.

ती खर्ची टाकली तरी सुटका नाही. जीएसटी कायद्याच्या कलम 17(5) नुसार नष्ट झालेल्या किंवा हिशेबातून काढून टाकलेल्या मालावर घेतलेली कराची वजावट मिळत नाही, ती परत करावी लागते. माल ग्राहकानं जॉबवर्कसाठी पाठवलेला असेल तर गोष्ट आणखी नाजूक होते. कलम 143 प्रमाणे असा माल एका वर्षाच्या आत परत जायला हवा, किंवा मूळ मालकानं तो जॉबवर्करच्या जागेवरून विकायला हवा. दोन्ही झालं नाही, तर तो पाठवला त्याच दिवशी विकला गेला असं कायदा धरतो आणि मूळ मालकावर कर आणि व्याज येतं. मूळ मालकाला आयटीसी-04 या विवरणपत्रात गेलेला आणि आलेला माल दाखवावा लागतो. म्हणजे जॉबवर्करच्या रॅकवर पडलेला जास्तीचा नग त्याचा नसतोच. तो परक्याचा माल आहे आणि त्याला परतीची तारीख आहे. सॉफ्टवेअरमध्ये या मालासाठी वेगळं गोदाम नसेल, तर स्वतःचा साठा आणि ग्राहकाचा साठा एकाच आकड्यात मिसळतो. लहान शॉपमध्ये सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, असं प्रस्तुत लेखकाचं मत आहे.

दुसरा धोका ड्रॉइंगच्या बदलाचा. 1 एप्रिल 2020 पासून देशात बीएस-6 मानक लागू झालं आणि बीएस-4 वाहनांची विक्री थांबली. वाहनांचे सुटे भाग करणाऱ्यांच्या रॅकवरचे जे नग फक्त जुन्या इंजिनात बसत होते, त्यांना नव्या वाहनात जागा उरली नाही. राहिली ती दुरुस्तीच्या बाजारातली मागणी. नगाच्या नोंदीत भागाच्या क्रमांकाबरोबर ड्रॉइंगचं रिव्हिजनही असेल, तर असा माल एका क्लिकवर वेगळा काढता येतो. नसेल तर जुना नग नव्या लॉटमध्ये मिसळून ग्राहकाकडे जातो आणि सगळा लॉट परत येतो.

पण उरलेल्या मालाची खरी कसोटी पाहायची तर वालचंदनगरला जावं लागतं.

सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1930 च्या दशकात इंदापूर तालुक्यातल्या कळंबजवळ साखर कारखाना आणि त्याभोवती गाव वसवलं. 1908 मध्ये स्थापन झालेली त्यांची कंपनी आज वालचंदनगर इंडस्ट्रीज नावानं ओळखली जाते. साखर कारखान्यांची यंत्रं, सिमेंटची यंत्रं, मोठे गिअरबॉक्स, अणुभट्ट्यांचे भाग असा तिचा प्रवास झाला. इस्रोच्या एलव्हीएम-3 अग्निबाणाच्या दोन बाजूंना जे एस-200 बूस्टर असतात, त्यांच्या 3.2 मीटर व्यासाच्या कवचांचे भाग इथे बनले आहेत. 14 जुलै 2023 ला चांद्रयान-3 घेऊन झेपावलेला अग्निबाण तोच.

एवढ्या मोठ्या कामात एकसारखे हजारो नग नसतातच. प्रत्येक ऑर्डर हा स्वतंत्र प्रकल्प असतो. त्यामुळे उरतं ते प्लेटचं टोक, रिंगचा कापलेला भाग, वेल्डिंग रॉडचं अर्धं पाकीट. एस-200 चं कवच मारेजिंग पोलादाचं असतं. 18 टक्के निकेल असलेलं हे पोलाद हैदराबादची मिधानी बनवते. अशा पोलादाची प्लेट कापून मोठा तुकडा उरला, तर तो भंगारात टाकणं परवडत नाही. पण तो पुन्हा वापरायचा, तर तो कोणत्या वितळीतला आहे आणि त्याच्या चाचणीचा दाखला कोणता, हे सिद्ध करता यायला हवं. म्हणून प्लेट कापण्याआधी तिच्यावरचा हीट नंबर उरणाऱ्या भागावरही पंच करून घेतात. दाबाखालच्या टाक्यांसाठीच्या एएसएमई संहितेत ओळख टिकवण्याचा नियमच आहे. नंबर उतरवायचा राहिला, तर उत्तम पोलादाचा तुकडा त्या क्षणापासून अनोळखी होतो. त्याचं वजन तेवढंच असतं, ताकदही तेवढीच असते, पण कोणताही निरीक्षक त्याला हात लावू देणार नाही.

बारामतीतल्या पिनेलाही हेच लागू आहे, फक्त तिथे परिणाम लहान असतो. उरलेल्या नगाची किंमत त्याच्या माहितीत असते: कोणता जॉब, कोणता बार, कोणतं रिव्हिजन, माल कुणाचा.

सॉफ्टवेअरला हे काम मुळात कठीण नाही. जोसेफ ऑर्लिकी यांनी 1975 च्या पुस्तकात मांडलेलं मालाच्या गरजेचं गणित जगभरच्या प्रणालींच्या मुळाशी आहे: एकूण गरज वजा हातातला साठा म्हणजे निव्वळ गरज. हातातला साठा खोटा असेल तर पुढची सगळी खरेदी खोटी ठरते. क्रेटमधले 30 नग नोंदीत नसले, की संगणक पुन्हा 200 नगांचा बार मागवतो. मोठ्या कारखान्यांतल्या एसएपी प्रणालीत जॉबला दिलेला माल 261 क्रमांकाच्या नोंदीनं जातो, 262 नं परत येतो. तिथे परतीची वाट आधीच आखलेली आहे. लहान शॉपना आपली वाटावी अशी प्रणाली मुंबईत तयार झाली. रुषभ मेहता यांच्या फ्रापे कंपनीची ईआरपीनेक्स्ट मुक्तस्रोत आहे, तिला परवान्याचे पैसे पडत नाहीत. तिच्या वर्क ऑर्डरमध्ये चालू कामाचं, तयार मालाचं आणि भंगाराचं गोदाम वेगळं नेमता येतं. ऑर्डरपेक्षा किती टक्के जास्त उत्पादन चालेल याची मर्यादाही घालता येते. ती 10 टक्के ठेवली, तर 500 च्या जॉबवर 550 पर्यंत नग नोंदवता येतात आणि जास्तीचे 30 लपवावे लागत नाहीत. ही मर्यादा शून्यावर राहिली, की ऑपरेटर 500 लिहितो आणि बाकीचे बाजूला ठेवतो. बेहिशेबी क्रेट असा प्रणालीतल्या एका न भरलेल्या रकान्यातूनही जन्माला येतो.

पण प्रणाली विकत घेऊन किंवा फुकट बसवून काम होत नाही. लग्नघरात पंक्ती उठल्यावर कोठीतला उरलेला शिधा मोजून घेणारी एक आजी असायची, तसा एक माणूस शॉपमध्ये लागतो. जॉब कार्ड बंद करण्याचा अधिकार त्याच्याकडे हवा, आणि ग्राहकाला गेलेले, बाद आणि जास्तीचे नग मिळून कापलेल्या नगांची बेरीज जुळत नाही तोवर त्यानं ते बंद करू नये. हा नियम वहीवरही पाळता येतो. पाळणारा स्टोअरकीपर मिळाला, तर त्याला सुपरवायझरइतका मान आणि पगार द्यायला हवा, कारण मालकाचे पैसे त्याच्याच रॅकवर उभे असतात.

बारामतीच्या विद्यानगरीत अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांना दरवर्षी प्रकल्पाला विषय हवा असतो. एमआयडीसी तिथून फार लांब नाही. शॉपमालकांनी 31 मार्चच्या मोजणीची वाट न पाहता दोन-तीन मुलांना आत बोलवावं आणि रॅकखालचा प्रत्येक क्रेट बाहेर काढून प्रत्येक नगाला जॉब, बार, रिव्हिजन आणि मालक यांचं लेबल लावून घ्यावं. ज्याचं लेबल भरता येणार नाही, तो माल त्याच दिवशी वेगळा करावा आणि आपल्या लेखापालाला फोन करावा.