जादा अंकांचा हिशेब

धनादेशावर रक्कम एकदा अंकांत लिहिली की वास्तविक काम भागावयास हरकत नाही. तरीही ती पुन्हा अक्षरांत लिहावी लागते आणि शेवटी 'फक्त' हा शब्दही घालावा लागतो. बँकेतील कोणीही कारकून याला शाईची नासाडी म्हणणार नाही. अंकांतील एखादे शून्य पुसट झाले अथवा लिहिणाऱ्याचा हात चुकला, तर अक्षरी मजकूर खऱ्या रकमेची साक्ष देतो. दोहोंत तफावत पडलीच तर चलनक्षम दस्तऐवजांचा १८८१ चा कायदा अक्षरी रकमेलाच प्रमाण मानतो. वरकरणी जादा वाटणारे शब्द येथे व्यवहाराचे रक्षण करतात. मात्र असा जादा मजकूर असावा तरी किती? कमी असेल तर चूक निसटते आणि अधिक असेल तर श्रम व पैसा वाया जातो. या साध्या प्रश्नातून गणिताची एक मोठी शाखा उभी राहिली आहे. इष्टतम संकेतांचा शोध हे तिचे कार्य होय.

या शाखेचा पाया १९४८ साली क्लॉड शॅनन यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत घातला. तार असो वा बिनतारी लहरी, प्रत्येक संदेशमार्गात काही ना काही व्यत्यय येतोच. तथापि त्या मार्गाची एक ठरावीक क्षमता असते आणि तिच्या मर्यादेत राहिल्यास चुकीची शक्यता हवी तितकी कमी करता येते, असे त्यांनी सिद्ध केले. असे संकेत असतात एवढे त्यांनी दाखविले. ते प्रत्यक्षात कसे रचावेत, हे मात्र सांगितले नाही. खजिना आहे याची ग्वाही मिळाली, परंतु वाट पुढच्यांनी शोधावयाची होती.

या वाटेचे दोन फाटे आहेत. पहिला काटकसरीचा. २०१३ साली बंद झालेली आपली तारसेवा ज्यांना आठवते, त्यांना सणासमारंभांच्या ठरीव शुभेच्छांना दिलेले क्रमांकही आठवत असतील. संपूर्ण वाक्याऐवजी तारेतून केवळ क्रमांक जाई. जे वारंवार सांगावयाचे त्याला लहान खूण द्यावी, हे यामागचे तत्त्व. समजा, चार अक्षरांपैकी एक निम्म्या वेळा, दुसरे पाव वेळा आणि उरलेली दोन प्रत्येकी एक अष्टमांश वेळा येतात. प्रत्येकास शून्य व एक या चिन्हांचे दोन-दोन अंक दिले तर दर अक्षरी खर्च २ अंकांचा होतो. त्याऐवजी पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन व उरलेल्यांना तीन-तीन अंक दिले की सरासरी खर्च १.७५ वर येतो. अशी वाटणी सर्वांत काटकसरीने कशी करावी, याची निर्दोष रीत डेव्हिड हफमन यांनी शोधली आणि १९५२ साली ती प्रसिद्ध झाली. परीक्षा देण्याऐवजी निबंध लिहिण्याची मुभा प्राध्यापक रॉबर्ट फॅनो यांनी वर्गाला दिली होती. त्या निबंधासाठी केलेल्या खटपटीतून हा विद्यार्थी आपल्या गुरूंच्याही पुढे गेला.

दुसरा फाटा सावधगिरीचा. बेल प्रयोगशाळेतच रिचर्ड हॅमिंग यांना सुट्टीच्या दिवसांत गणकयंत्र वापरावयास मिळे. चूक आढळली की यंत्र ते काम अर्धवट सोडून पुढच्या कामाकडे वळे. यंत्राला चूक झाली आहे हे कळत असेल तर ती कोठे झाली हे का कळू नये, या विचाराने त्यांना घेरले. १९५० साली प्रसिद्ध झालेली त्यांची युक्ती विलक्षण सुटसुटीत आहे. मजकुराच्या चार अंकांना तपासणीचे तीन अंक जोडावयाचे. आता एकूण सात अंकांपैकी कोणता तरी एक बिघडेल अथवा एकही बिघडणार नाही, अशा आठ शक्यता होतात. आणि शून्य-एकच्या तीन अंकांनी नेमक्या आठच गोष्टी सांगता येतात. एकही खूण अपुरी नाही, एकही वाया नाही. तोच मजकूर तीनदा लिहून हीच हमी मिळवावयाची तर चार अंकांचे बारा करावे लागले असते. कचेरीत एकाच अहवालाच्या तीन प्रती मागविण्यात धन्यता मानणाऱ्यांनी हा हिशेब जरूर पाहावा. सावधगिरी वेगळी आणि नुसती पुनरुक्ती वेगळी.

या शोधाच्या इतिहासात आपल्या देशाचे नाव ठळकपणे येते. राजचंद्र बोस व द्विजेंद्रकुमार राय-चौधरी यांनी १९६० मध्ये सिद्ध केलेली संकेतांची जात आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. अलेक्सिस होकेंगेम यांनी फ्रान्समध्ये तीच गोष्ट स्वतंत्रपणे शोधली होती, म्हणून त्यांचेही नाव तिच्याशी जोडलेले आहे. याच बोस यांचे शिष्य म्हणजे नागपुरात शिकलेले आणि पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाची धुरा वाहिलेले शरच्चंद्र शंकर श्रीखंडे. सहा पलटणींतील सहा हुद्द्यांचे छत्तीस अधिकारी चौकोनात कसे उभे करावेत, या कोड्यावरून ऑयलर यांनी १७८२ मध्ये एक अनुमान मांडले होते. १९५९ साली बोस, श्रीखंडे व अर्नेस्ट पार्कर यांनी ते खोटे ठरविले, तेव्हा 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ती बातमी पहिल्या पानावर छापली. त्याच वर्षी बोस व श्रीखंडे यांनी, हादामार्द यांच्या नावाने परिचित असलेल्या चौकटी आणि इष्टतम संकेत यांचे नाते उलगडणारा निबंध प्रसिद्ध केला. अधिक एक व उणे एक अशा संख्यांच्या या चौकटीत कोणत्याही दोन ओळी बरोबर निम्म्या ठिकाणी जुळतात आणि निम्म्या ठिकाणी भिन्न असतात.

या कोड्यांचा उपयोग काय, असा प्रश्न त्या काळी कोणी विचारला असता तर समाधानकारक उत्तर देणे कठीण गेले असते. परंतु १९७१ साली मरिनर ९ हे यान मंगळाभोवती फिरू लागले. त्याने पाठविलेल्या छायाचित्रांत प्रत्येक बिंदूच्या उजेडाच्या ६४ पायऱ्या होत्या. ३२ ओळींची हादामार्द चौकट आणि त्या ओळींच्या उलट ओळी मिळून नेमके ६४ संकेत होतात. प्रत्येक संकेताच्या ३२ अंकांपैकी सात बिघडले तरी मूळ बिंदू ओळखता येई. यानाची शक्ती क्षीण आणि अंतर कोट्यवधी किलोमीटरचे असूनही सात हजारांहून अधिक छायाचित्रे पृथ्वीवर पोहोचली.

असेच दुसरे उदाहरण रॉबर्ट गॅलगर यांचे. १९६० मध्ये त्यांनी प्रबंधात मांडलेले संकेत त्या काळच्या यंत्रांना झेपणारे नव्हते. सुमारे तीन दशके ते जवळजवळ विस्मृतीत गेले. १९९० नंतर त्यांचे महत्त्व उमगले आणि आज पाचव्या पिढीच्या दूरध्वनीवरील माहिती त्यांच्याच आधारे वाहते. गॅलगर यांचे शिष्य एर्दाल आरिकान मायदेशी परतून अंकाऱ्याच्या बिल्केंट विद्यापीठात शिकवू लागले. शॅनन यांची मर्यादा गाठणारी, रीतसर सिद्धता असलेली रचना त्यांनी २००९ साली प्रसिद्ध केली. या पाचव्या पिढीच्या यंत्रणेतील नियंत्रणाचे संदेश तिच्यावर विसंबून असतात. तुर्कस्तान हा काही संपन्नतेत अमेरिकेच्या पंक्तीला बसणारा देश नव्हे.

आपल्याकडे मात्र मूलभूत गणिताचा विषय निघाला की 'याचा उपयोग काय?' हा प्रश्न आधी येतो. गणिताच्या प्राध्यापकाची जागा रिकामी ठेवली अथवा ग्रंथालयातील नियतकालिक बंद केले, तर त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात बचत दिसते, हे खरे. गरजा अनेक आणि पैसा थोडा, हा आक्षेपही खोटा नाही. सगळेच संशोधन फळाला येते असेही कोणी म्हणू नये. पुष्कळसे येत नाही. परंतु कोणते फळाला येईल हे आधी कळत नाही, हाच तर मुद्दा आहे. संदेशातील कोणता अंक बिघडणार हे ठाऊक असते तर तपासणीच्या अंकांची गरजच पडली नसती. भविष्य अज्ञात आहे म्हणूनच थोडी जादा तरतूद करावयाची असते. शिवाय या विद्येला लागणारी तरतूद ती काय? चांगला शिक्षक, समृद्ध ग्रंथालय, कागद-पेन्सिल आणि निवांत वेळ. महागड्या यंत्रशाळांच्या मानाने हा खर्च अगदीच किरकोळ आहे.

इष्टतम म्हणजे कमीत कमी, असा समज आपल्या प्रशासनात रूढ झाला आहे. गणिताने दिलेला अर्थ निराळा आहे. हेतू स्पष्ट ठरवावा, धोका मोजावा आणि तो निभावण्यापुरते जादा जवळ ठेवावे. सर्व जादा अंक छाटून टाकलेला संदेश सर्वांत स्वस्त असतो खरा. पण पहिल्याच व्यत्ययात तो निरर्थक होतो आणि आपला अर्थ हरवला आहे, हेही वाचणाऱ्याला कळत नाही. विद्यापीठांच्या अंदाजपत्रकांवर कात्री चालविणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले.