सोने नसलेल्या मुलखातले सोन्याचे पारखी

सातारा-सांगलीच्या जमिनीत सोने नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचले आणि इथला काळा पाषाण तयार झाला. कोयना परिसरात भूकंपाच्या अभ्यासासाठी खोल विंधने घेतली, तेव्हा रासाटीजवळ जवळपास ९३० मीटर बेसाल्ट भेदल्यावर खालचा ग्रॅनाइट लागला. सोने सापडते ते त्याहून कितीतरी जुन्या खडकांत. कोलार, हट्टी, गदग ही त्याची गावे. महाराष्ट्रात नागपूर-भंडाऱ्याकडच्या जुन्या खडकांत त्याच्या खुणा मिळाल्या आहेत. माणगंगेच्या किंवा येरळेच्या वाळूत कितीही पाट्या घोळल्या तरी हाती वाळूच राहणार.

तरीही कोची, कोइमतूर, कोलकाता अशा शहरांत सराफकट्ट्याच्या मागच्या बोळात शिरावे, भट्टीची धग लागेल तिथे डोकवावे, तर बरेचदा आपल्याकडचीच मराठी कानावर पडते. खानापूर, आटपाडी, कडेगाव, पलीकडे खटाव आणि माण या तालुक्यांतली ही माणसे. सोने-चांदी गाळून चोख करून देणे हा त्यांचा धंदा, म्हणून ते गलाईवाले. विटा ही त्यांची पेठ. यात्रेला गाव भरते ते त्यांच्यामुळे, आणि माळावरचे दुमजली बंगले अकरा महिने कुलूपबंद असतात तेही त्यांच्यामुळेच. गेल्या साठ वर्षांत सोने ओळखण्याची साधने कुठल्या कुठे गेली. त्या साधनांबरोबर ही माणसे कशी चालत आली, याची नोंद आपल्या जिल्ह्यांनी नीट ठेवलेली नाही. ती ठेवायला हवी असे मला मनापासून वाटते, कारण यंत्राला काय दिसते आणि काय दिसत नाही हे यांच्याइतके क्वचितच कोणाला कळले असेल.

सुरुवात कसोटीच्या दगडापासून. काळा, बारीक पोताचा दगड. त्यावर डाग, म्हणजे दागिना, घासला की पिवळी रेघ उठते. तिच्या शेजारी ठाऊक असलेल्या कसाच्या सळईची रेघ ओढायची आणि काचेच्या काडीने दोन्हींवर तेजाब फिरवायचे. हलके सोने असेल तर रेघ हिरवट होऊन विटते, चोख असेल तर जागची हलत नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही कसोटीवरच्या रेघेवरून सोने पारखण्याची रीत आहे, म्हणजे हे साधन दोन हजार वर्षांचे तरी झाले. मुरलेला पारखी बावीस आणि वीस कॅरेटमधला फरक नुसत्या रंगावरून सांगतो. पण रेघ उठते ती डागाच्या वरच्या थराची. आत तांब्याची तार असली तर कसोटीला तिचा पत्ता नसतो. म्हणून जुने सराफ डाग आधी कानशीने खरवडत आणि मग घासत. गिऱ्हाईक कुरकुरले तरी खरवडत.

सांगलीत सराफीची परंपरा जुनी. गाडगीळांची पेढी इथे १८३२ मध्ये सुरू झाली. पण गलाईचा धंदा पेढीवर बसून चालणारा नव्हता. तो कोरडवाहू गावांतल्या गरिबीने घडवला. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत पडलेले हे तालुके, बाजरी-मटकीवर जगणारे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या घरांतून एखादा पोरगा मामाच्या किंवा चुलत्याच्या ओळखीने रेल्वेत बसला आणि परमुलखातल्या भट्टीवर भाता मारायला लागला. पोरगा हाताखाली शिकायचा, चार-सहा वर्षांत त्याची स्वतःची भट्टी व्हायची, आणि मग तो गावातून पुढचा पोरगा बोलावून घ्यायचा. भाऊबंदकीच्या नावाने आपण एरवी बोटे मोडतो, पण त्याच नात्यांच्या जाळ्यातून हा धंदा देशभर पसरला.

त्या काळाला सरकारी धोरणाचीही एक बाजू होती. चीन युद्धानंतर परकीय चलनाची ओढाताण झाली आणि जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाईंनी सुवर्णनियंत्रण आणले. नवा दागिना १४ कॅरेटच्या वर घडवायचा नाही, म्हणजे शंभरात अठ्ठावन्न भागच सोने. सोनारांच्या चुली विझल्या, काहींनी जीव दिला. कॅरेटची अट १९६६ मध्ये उठली, पण १९६८ मध्ये सुवर्णनियंत्रणाचा स्वतंत्र कायदा झाला आणि तो १९९० पर्यंत राहिला. लगड बाळगायला बंदी, शुद्धीकरणाला परवाना. उघड वाटेने नवे सोने येईना, तेव्हा बाजार बराचसा मोडीवर चालला. आजीच्या पाटल्या मोडायच्या आणि नातीचा हार करायचा. मोडीच्या सोन्यात डाक, म्हणजे सांध्याचा धातू, असतो, तांबे असते, पिढ्यान्‌पिढ्यांचा मळ असतो. ते चोख करून देणाऱ्या हाताची गरज तेव्हा जितकी होती, तितकी पूर्वी क्वचितच असेल.

हे चोख करणे जवळून पाहिले की थक्क व्हायला होते. मुशीत मोडीचे सोने घालतात आणि त्यात तिप्पट चांदी मिसळतात. चोख करायचे तर आधी हिणकस करायचे! कारण सोने जास्त असेल तर तेजाब आत शिरत नाही. सोन्याचा वाटा चौथाईवर आणला, की तेजाबाला चांदीतून वाट मिळते. टाकणखार टाकून रस पातळ करतात. सोने १०६४ अंश सेल्सिअसला वितळते, चांदी त्याआधीच ९६२ ला. हा रस पाण्यात ओतला की तडतडत दाणा पडतो. दाणा तेजाबात उकळायला ठेवला की तांबूस धूर उठतो, चांदी-तांबे विरघळून जाते आणि तळाशी उरतो तपकिरी गाळ. अनोळखी माणूस तो गाळ मोरीत ओतून देईल. गलाईवाला तो पुन्हा पुन्हा धुतो, वाळवतो, मुशीत घालतो आणि मुशीतून पिवळा रस निघतो. विरघळलेली चांदीही वाया जात नाही. त्या पाण्यात तांब्याच्या पट्ट्या सोडल्या की चांदी पुन्हा खाली बसते.

खाण नसलेल्या माणसांची खाण म्हणजे सोनाराचा केर. कानशीचा कीस, पॉलिशचे पाणी, जुन्या मुशींची खापरे, बैठकीखालची धूळ, सगळ्यांत सोने असते. झारेकरी पूर्वीपासून सराफकट्ट्यातला केर विकत घेऊन घोळत आले. गुजरातेत त्यांनाच धूळधोये म्हणतात. गलाईवाल्यांनीही तीच नजर उचलली. केर जाळायचा, कुटायचा, पाण्यात घोळवायचा. माती वाहून जाते, जड ते तळाशी राहते. सोने पाण्याच्या एकोणीस पट जड, वाळू जेमतेम अडीच-पावणेतीन पट. नदीच्या वाळूत सोने शोधणारा जगभरचा माणूस हेच करतो. आमच्या माणसांनी ते दुकानाच्या उंबऱ्यात केले, आणि तिथे सोने असण्याची खात्री नदीपेक्षा जास्त होती.

तिकडे जगात सोने शोधण्याची दुसरी वाट आधीपासूनच तयार होत होती. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी विजेच्या वेटोळ्यांचे यंत्र चालवून पाहिले. गोळी सापडली नाही, पण धातुशोधक यंत्राची सुरुवात झाली. दुसऱ्या महायुद्धात पोलिश अधिकारी कोसात्स्की यांनी सुरुंग शोधणारे यंत्र बनवले. १९८० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात अशाच हातयंत्राने सत्तावीस किलोंचा सोन्याचा गोळा सापडला आणि त्या देशात यंत्र खांद्यावर घेऊन रानोमाळ फिरणाऱ्यांची संख्या वाढली.

या यंत्रातली खरी मेख कॉइलमध्ये आहे, म्हणजे दांड्याच्या टोकाच्या तबकडीत. तबकडी मोठी असली तर खोलवरचे कळते, पण बारीक कण निसटतात. लहान असली तर गव्हाएवढा कणही आवाज देतो, पण वीतभर खाली गेला की मुका. एकात एक वर्तुळाकार वेटोळी असलेली कॉइल साध्या मातीत चांगली चालते. लोहखनिज मुरलेल्या मातीत मात्र ती भांबावते. तिथे इंग्रजी डी अक्षरासारखी दोन वेटोळी एकमेकांवर थोडी चढवलेली कॉइल बरी. एवढे सांगायचे कारण आमची काळी माती. ती बेसाल्टपासून झाली आहे आणि बेसाल्टमध्ये चुंबकीय लोहखनिज भरपूर. अशा जमिनीवर साधे यंत्र धरले की ते मातीलाच धातू समजून किरकिर करते. हे ठाऊक नसलेला माणूस प्रत्येक किरकिरीला खणत बसतो.

आणि लोक खणत बसले. किल्ल्यांच्या पडक्या वाड्यांत, ओसाड देवळांच्या गाभाऱ्यांत, वडिलोपार्जित घरांच्या जोत्यांखाली. गुप्तधनाच्या नादाने इथे नुसत्या भिंती पडलेल्या नाहीत, माणसे बळी गेली आहेत. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी या अघोरीपणाविरुद्ध कायदा व्हावा म्हणून वर्षानुवर्षे झगडा दिला. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. मौल्यवान वस्तूंच्या शोधासाठी केलेली अघोरी कृत्ये त्या कायद्याच्या अनुसूचीत आहेत. भूमिगत धन खरेच सापडले, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याने ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, हेही लोकांना माहीत नसते. त्याच २०१३ मध्ये इंग्लंडात जेम्स मॅक्कॉर्मिक नावाच्या इसमाला दहा वर्षांची शिक्षा झाली. गोल्फचे हरवलेले चेंडू शोधण्याच्या नावाने विकली जाणारी पोकळ कांडी त्याने बाँब शोधण्याचे यंत्र म्हणून इराकला विकली होती. अँटेनावाली कांडी दाखवून मैलावरचे सोने सांगतो म्हणणारा कोणी दारात आला, तर ही हकिगत आठवावी. वेटोळ्याची नजर सेंटिमीटरांत मोजतात, मैलांत नाही.

सराफकट्ट्यात मात्र खरे यंत्र आले. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात मोठ्या दुकानांत कॅरेटमीटर दिसू लागले. डाग डबीत ठेवायचा, क्ष-किरण पडतात, प्रत्येक धातू आपापल्या प्रकारे उलटा चमकतो आणि पडद्यावर टंच, म्हणजे शुद्धतेचा आकडा, उमटतो. मिनिटभराचे काम, डागाला ओरखडा नाही. एप्रिल २००० मध्ये भारतीय मानक ब्युरोने हॉलमार्किंग सुरू केले. १६ जून २०२१ पासून ते २५६ जिल्ह्यांत सक्तीचे झाले आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकी खुणेशिवाय नवा दागिना विकता येईना. ग्राहकासाठी हे फार चांगले झाले, यात मला तिळमात्र शंका नाही. तोळ्यामागे दोन-तीन गुंजांना बुडणाऱ्या बाईला पूर्वी ते कळतही नव्हते.

पण क्ष-किरणांचीही नजर उथळच. सोन्यात ते काही मायक्रॉनांपलीकडचे वाचत नाहीत. टंगस्टनची घनता जवळजवळ सोन्याइतकीच. त्यावर जाड सोन्याचा थर चढवला तर तराजूही फसतो आणि यंत्रही. म्हणून वाद झाला की आजही शेवटचा शब्द अग्निपरीक्षेचा. अडीचशे मिलिग्रॅमच्या आसपास नमुना घ्यायचा, चांदीसह शिशाच्या पत्र्यात गुंडाळायचा, हाडांच्या राखेच्या किंवा मॅग्नेशियाच्या वाटीत हजार अंशांच्या वर तापवायचा. शिसे हिणकस धातू घेऊन वाटीत मुरते आणि वर मणी राहतो. शिशाचा शेवटचा पापुद्रा सुटताना तो मणी एकदम लखकन उजळतो. मग तो चपटा करून तेजाबात उकळायचा आणि उरलेले सोने तोलायचे. नमुना गमवावा लागतो, वेळ जातो, पण यात हजारी एका भागाहूनही बारीक फरक कळतो. नीट पाहिले तर ही गलाईवाल्याचीच भट्टी आहे, लहान आणि काटेकोर केलेली. त्यांची शिकलेली मुले हॉलमार्क केंद्र चालवायला सहज पुढे येऊ शकतात ती यामुळेच.

एका गोष्टीबद्दल मात्र जीव तुटतो. तेजाबाचा तो तांबूस धूर म्हणजे नायट्रोजन डायऑक्साइड. तो छातीत गेला तर त्रास लगेच होतोच असे नाही. काही तासांनी, रात्री झोपेत दम कोंडू शकतो. केडीएमच्या दागिन्यांत डाकाला कॅडमियम वापरले जायचे. कॅडमियम ७६७ अंशांना उकळते, म्हणजे तशी मोड मुशीत पडली की सोने वितळायच्या कितीतरी आधी ती विषारी वाफ भट्टीपुढच्या माणसाच्या तोंडावर येते. धूर शोषणारे धुरांडे, कॉस्टिक सोड्याच्या पाण्यातून तो धुणारा स्क्रबर, आणि ठरावीक काळाने छातीची तपासणी, एवढे तरी प्रत्येक भट्टीला मिळायला हवे. विटा-आटपाडीच्या पतसंस्थांनी घरबांधणीला जशी कर्जे दिली, तशी स्क्रबरलाही द्यावीत. परगावी दुकानाला लागूनच मुलाबाळांचे घर असते, हा धूर त्यांच्याही वाट्याला येतो.

२०२० च्या टाळेबंदीत भट्ट्या बंद पडल्या आणि कित्येक कुटुंबे गावी परतली. कुलूपबंद बंगले एकदम भरले. टेंभू योजनेचे पाणी आता पूर्वीच्या उजाड शिवारात फिरते आहे, डाळिंबाच्या आणि द्राक्षाच्या बागा उभ्या आहेत, त्यामुळे पुढचा पोरगा भट्टीवर जाईलच असे आता नाही. जे आहेत त्यांच्याकडे कॅरेटमीटर आहे, विजेवर तापणारी इंडक्शन भट्टी आहे. मोबाइलवर भाव हलताना दिसतो. पण मोड घेऊन गिऱ्हाईक आले, यंत्राने ९१ दाखवले, पोकळ मण्यांत लाख भरलेली निघाली, डाकाचे तुकडे वेगळाच टंच सांगू लागले, तर वाद मिटवायला सराफ अजूनही डाग मागच्या बोळात पाठवतो. तिथे तो वितळतो, एकजीव होतो, लगडीचे टोक कापून टंच काढला जातो, आणि त्या आकड्यावर गिऱ्हाईक आणि सराफ दोघेही मान डोलावतात.