वस्तू किती स्वदेशी? फरीदाबादच्या कारखान्यांतून मिळणारे उत्तर

फरीदाबाद : दिल्लीहून फरीदाबादकडे जाणाऱ्या मेट्रोमार्गावर दोन स्थानकांची नावे कारखान्यांवरून पडली आहेत. एक ‘बाटा चौक’, दुसरे ‘एस्कॉर्ट्स मुजेसर’. सणासुदीच्या तोंडावर स्वदेशी खरेदीचे आवाहन दरवर्षी होते. त्यातील ‘स्वदेशी’ म्हणजे नेमके काय, हे समजून घ्यायला ही दोन नावे उपयोगी पडतात.

बाटा मूळची चेकोस्लोव्हाकियातील. भारतात तिची कंपनी 1931 मध्ये स्थापन झाली आणि पुढे असंख्य कुटुंबे तिला देशीच समजू लागली. एस्कॉर्ट्सचा प्रवास उलट दिशेचा आहे. 1944 मध्ये लाहोरला सुरू झालेला हा उद्योग फाळणीमुळे दिल्लीत आला आणि साठच्या दशकात पोलंडच्या तंत्रसाहाय्याने फरीदाबादमध्ये ट्रॅक्टर बनवू लागला. 2022 मध्ये जपानची कुबोटा कंपनी त्याची सहप्रवर्तक झाली व नाव ‘एस्कॉर्ट्स कुबोटा’ असे बदलले. म्हणून फरीदाबादचा ट्रॅक्टर परदेशी ठरला काय?

उत्तर मालकाच्या नावात नाही, किमतीच्या विभागणीत आहे. ग्राहकाने मोजलेल्या रकमेतून कच्चा माल, सुटे भाग, मजुरी, वीज, वाहतूक, कर आणि शेवटी नफा निघतो. नफ्याचा वाटा परदेशी भागधारकाला गेला, तरी ओतीव भाग, गिअर, रबरी नळ्या आसपासच्या लघुउद्योगांतून येत असतील, तर बराच पैसा येथेच फिरतो. कामगार तो किराणा दुकानात, शाळेच्या शुल्कात खर्च करतो. याउलट, नाव अस्सल भारतीय पण आतील भाग बाहेरून आणून केवळ जोडलेले, अशा वस्तूच्या खरेदीतील मोठा हिस्सा देशाबाहेर जातो.

सरकारी खरेदीचा नियमही हेच पाहतो. जून 2017 मध्ये काढलेल्या आणि नंतर सुधारलेल्या आदेशानुसार, ज्या पुरवठादाराच्या मालात स्थानिक मूल्याचा वाटा किमान 50 टक्के आहे तो पहिल्या वर्गात, तर 20 ते 50 टक्के असलेला दुसऱ्या वर्गात मोडतो. प्राधान्य मिळते ते पहिल्या वर्गाला.

सामान्य ग्राहकाला मात्र ही टक्केवारी वेष्टनावर सहसा दिसत नाही. आयात मालावर मूळ देशाचे नाव छापणे बंधनकारक आहे, तेवढाच आधार. ‘890’ने सुरू होणारा बारकोड म्हणजे भारतीय उत्पादन, हा समज तर चुकीचाच आहे. तो क्रमांक कंपनीने भारतातील संस्थेकडे नोंदणी केल्याचे सांगतो. वस्तू कुठे तयार झाली हे त्यावरून कळत नाही.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. ‘सार्वजनिक काका’ गणेश वासुदेव जोशी 1877 च्या दिल्ली दरबारात खादीच्या वेशात गेले होते. पुढे अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा मागून ‘पैसा फंड’ उभारला आणि त्यातून तळेगावला काचकारखाना निघाला. त्यांनी स्वदेशीचा अर्थ खरेदीपुरता न ठेवता उत्पादनाची क्षमता असा घेतला होता, हे विसरले जाते. देशात मालच बनत नसेल, किंवा बनतो पण टिकत नसेल, तर ग्राहकाच्या निष्ठेवर भार टाकून फार काळ निभावत नाही. मोठ्या कारखान्याला भाग पुरविणाऱ्या लघुउद्योजकालाही मापात थोडा फरक पडला तरी माल परत येतो; तेथे देशप्रेमाची सवलत नसते.

याच जिल्ह्यातील सूरजकुंडला 1987 पासून हस्तकला मेळा भरतो. 2019 मध्ये महाराष्ट्र त्याचे संकल्पना राज्य होते. तेथे कारागीर स्वतः विकत असेल, तर मोबदल्याचा मोठा भाग थेट त्याच्या हाती पडतो. मात्र बाजारात यंत्रमागाचे कापड हातमागाचे म्हणून खपविले जाते. त्यासाठी 2006 पासून ‘हँडलूम मार्क’ आहे. कापडावर ते चिन्ह आहे का, हे विकत घेण्यापूर्वी पाहता येते.